साक्षीच्या पिंजऱ्यांतील मानसशास्त्र

कान आणि डोळे यांमध्यें चार बोटांचें अंतर असतें, असें आपल्याकडे फार पूर्वींपासून सांगत आले आहेत. ऐकीव गोष्टीवर भिस्त ठेवूं नये, डोळ्यांनीं पाहिलेलें तेवढें खरें मानावें, हा त्याचा भावार्थ. न्यायालयांचा कारभारहि याच समजुतीवर उभा आहे. १८७२ सालच्या हिंदी पुराव्याच्या कायद्यानें ऐकीव साक्ष बाजूस सारली आणि साक्षीदारानें जें स्वतः पाहिलें असेल तेंच शपथेवर सांगावें, असा दंडक घालून दिला. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली. दंडक मात्र कायम राहिला. पण ज्या डोळ्यांवर हा एवढा भार टाकला, ते डोळे तरी कितपत विश्वासाचे? पाहिलेली गोष्ट आणि आठवलेली गोष्ट यांमध्यें किती बोटांचें अंतर पडतें? साक्षीदार चुकतात हें वकिलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. परंतु ते किती चुकतात आणि कां चुकतात, हें मोजून पाहण्याची बुद्धि झाली ती मानसशास्त्रज्ञांना. त्यांतूनच आज ज्याला न्यायसाहाय्यक मानसशास्त्र म्हणतात, आणि पदवी घेतल्यानंतर ज्याचा आणखी कित्येक वर्षें अभ्यास करावा लागतो, तो विषय जन्मास आला. त्याच्या जन्माची हकीकत मोठी मौजेची आहे, आणि कांहीं ठिकाणीं ती काळीज हलविणारीहि आहे.

जर्मनींतील लायप्झिग येथील विद्यापीठांत विल्हेल्म वुंट यांनीं १८७९ सालीं मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. तोंवर मनाचा विचार हा तत्त्वज्ञांचा प्रांत होता. वुंट यांनीं मनाच्या व्यापारांस किती वेळ लागतो हें यंत्रानें मोजावयास आरंभ केला, तेव्हां त्यांच्यापाशीं शिकण्यासाठीं देशोदेशींचे पदवीधर येऊं लागले. या आख्यानांतील दोन पात्रें तेथेंच तयार झालीं. एक जेम्स मकीन कॅटेल हे अमेरिकन गृहस्थ. यांनीं तेथें १८८६ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली. दुसरे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग. त्यांची ओळख पुढें होईलच.

कॅटेल स्वदेशीं परतून न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजांत प्रोफेसर झाले. १८९३ सालच्या मार्च महिन्यांत एके दिवशीं त्यांनीं वर्गांतील ५६ विद्यार्थ्यांपुढें कांहीं अगदीं साधे प्रश्न ठेवले. सफरचंदाच्या बियांचें टोंक कोणत्या दिशेस असतें? ओक आणि चेस्टनट या वृक्षांपैकीं कोणाचीं पानें आधीं गळतात? मोकळ्या मैदानांत उभा असलेला घोडा वाऱ्याकडे तोंड करतो कीं शेपूट? आणि शेवटीं, बरोबर आठ दिवसांपूर्वी हवा कशी होती? या शेवटच्या प्रश्नाचीं उत्तरें वाचण्यासारखीं होतीं. कोणी निरभ्र आकाश सांगितलें, कोणी पाऊस, कोणी वादळ, कोणी ढग. त्या दिवशीं सकाळीं वास्तविक बर्फ पडलें होतें, आणि त्याची आठवण थोड्यांनाच राहिली होती. आठवड्यापूर्वीच्या हवेविषयीं या सुशिक्षित तरुणांना जेवढें सांगतां आलें, त्याहून अंदाजपंचें ठोकून देणाऱ्यालाहि फारसें कमी सांगतां आलें नसतें. कॅटेल यांनीं हा निबंध १८९५ सालीं छापला आणि त्यांत एक मार्मिक सूचना केली. कावेबाज वकिलानें नेमके प्रश्न निवडले, तर सत्य सांगणाऱ्या साक्षीदारालाहि तो खोटा पाडूं शकेल. तेव्हां माणसाची स्मृति सर्वसाधारणपणें किती बिनचूक असते याचें माप न्यायाधीशाच्या हातीं असलें पाहिजे. खून नाहीं, दरोडा नाहीं, केवळ सफरचंदाच्या बिया आणि गेल्या आठवड्याची हवा! परंतु या विषयाची मुहूर्तमेढ ती हीच.

पुढील वर्षीं, म्हणजे १८९६ सालीं, म्यूनिक शहरांत एका इसमावर तीन स्त्रियांच्या खुनाचा खटला चालला. खटल्यापूर्वी वृत्तपत्रांनीं त्याची चर्चा इतकी केली होती कीं, साक्षीस येणाऱ्यांपैकीं कित्येकांना आपण काय पाहिलें व काय वाचलें हेंच वेगळें करतां येईना. श्रेंक-नोत्सिंग नांवाच्या डॉक्टरांनीं न्यायालयांत उभें राहून हें सांगितलें. साक्षीदार लबाड नाहींत. छापील मजकूर त्यांच्या स्मृतींत मिसळला आहे आणि त्यांना त्याचा पत्ता नाहीं, असें त्यांचें म्हणणें. ज्यूरीनें आरोपीस दोषीच ठरविलें. तथापि, लबाडी आणि चूक यांच्या मधली एक तिसरी अवस्था असते, हें एखाद्या न्यायालयापुढें शास्त्राच्या नांवानें मांडण्याचा हा आरंभींचा प्रसंग होय.

पॅरिसमध्यें आल्फ्रेद बिने हे याच सुमारास शाळांतून फिरत होते. बुद्धिमापनाच्या कसोट्यांमुळें त्यांचें नांव पुढें सर्वतोमुखीं झालें, पण सूचनेला मन कसें वश होतें याविषयीं त्यांनीं १९०० सालीं लिहिलेलें पुस्तक आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक मोलाचें. पुठ्ठ्यावर कांहीं किरकोळ वस्तू चिकटवून ते मुलांना क्षणभर दाखवीत, आणि मग विचारीत. मुलास आपल्या मनानें आठवेल तेवढें सांगूं दिलें, तर तें थोडें सांगे पण बहुधा बरोबर सांगे. प्रश्नांचा भडिमार केला कीं सांगणें वाढे, आणि त्याबरोबर चुकाहि वाढत. प्रश्नांतच उत्तर दडविलें असेल, म्हणजे पुठ्ठ्याला डिंकानें चिकटविलेल्या गुंडीविषयीं ‘ती दोऱ्यानेंच बांधली होती ना?’ असें विचारलें, तर मूल निमूटपणें दोरा पाहिल्याचें सांगे. वर्गांत फळ्यापाशीं उभें राहून ज्यांनीं जन्म काढला, त्यांना याचें नवल वाटावयाचें नाहीं. मास्तरांना काय हवें आहे हें ओळखण्यांत मुलें फार हुषार असतात. उत्तराला तीं मास्तरांच्या तोंडाकडे पाहून लागतात. सरतपासणींत सूचक प्रश्न विचारूं नयेत हा नियम १८७२ च्या कायद्यांतहि होता, पण तो अनुभवानें सुचलेला होता. बिने यांनीं त्याला मोजमापाचा आधार दिला.

आतां बर्लिनकडे वळूं. तेथील विद्यापीठांत फ्रान्झ फॉन लिस्ट हे फौजदारी कायद्याचे नामांकित प्रोफेसर होते. त्याच नांवाच्या विख्यात संगीतकाराचे ते चुलतभाऊ. १९०१ च्या सुमारास त्यांच्या वर्गांत एका ग्रंथावर चर्चा चालली असतां, एक विद्यार्थी मध्येंच ओरडला कीं, या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती नीतीच्या दृष्टीनें झाला पाहिजे. दुसरा उसळून म्हणाला कीं, तें आपणांस मुळींच सहन होणार नाहीं. शब्दानें शब्द वाढला. पहिल्यानें मुठी आवळल्या, पिस्तूल काढलें. दुसरा त्याच्या अंगावर धांवून गेला. प्रोफेसरांनीं मध्यें पडून हात धरला, तोंच बार निघाला. वर्गांत एकच गोंधळ उडाला. तो शमल्यावर प्रोफेसरांनीं शांतपणें सांगितलें कीं, हा सारा प्रकार आधीं बसविलेला होता. आतां प्रत्येकानें काय काय घडलें तें लिहून काढावें. कांहीं जणांनीं लगेच लिहिलें, कांहींना मागाहून जबानी द्यावयास लावली. प्रसंगाचे बारीक बारीक तुकडे पाडून ही हकीकत तपासली, तेव्हां ज्याच्या सर्वांत कमी चुका त्याच्याहि शेंकडा २६ भरल्या. सर्वांत जास्त चुका करणाऱ्याच्या शेंकडा ८०. जे मुळींच बोलले नव्हते त्यांच्या तोंडीं वाक्यें घातलेलीं. जें घडलें नव्हतें तें पाहिल्याचें लिहिलेलें. विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, पिस्तूल निघाल्यानंतरच्या भागांत, म्हणजे ज्या क्षणांचें साक्षीदाराला न्यायालयांत सर्वांत अधिक महत्त्वाचें म्हणून विचारतात त्याच क्षणांत, चुका अधिक होत्या. आणि हे साक्षीदार कोण? उद्यांचे वकील आणि न्यायाधीश!

या प्रयोगामागें लिस्ट यांच्याबरोबर ब्रेस्लाऊचे तरुण मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांचें डोकें होतें. निर्दोष आठवण हा नियम नसून अपवाद आहे, असा निष्कर्ष स्टर्न यांनीं काढला, आणि केवळ साक्षीच्या मानसशास्त्राला वाहिलेलें एक नियतकालिक १९०३ सालीं सुरू केलें. या सर्व मंडळींत स्टर्न यांची बैठक अधिक समतोल होती असें त्यांचें काम पाहतां वाटतें. चूक किती झाली एवढेंच मोजून न थांबतां, प्रश्न कसा विचारला असतां चूक कमी होईल, याकडे त्यांची दृष्टि असे.

कांहीं वर्षांनीं बेल्जममध्यें याचा प्रत्यक्ष उपयोग झाला. १९१० सालीं एका लहान मुलीचा खून झाला आणि तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुलींच्या सांगण्यावरून एका माणसाला आरोपी करण्यांत आलें. मुलींना वारंवार प्रश्न विचारण्यांत आले होते, आणि दर खेपेस त्यांच्या हकीकतींत भर पडत गेली होती. व्हॅरेनडोंक नांवाच्या मानसशास्त्रज्ञांना बचावाच्या बाजूनें बोलाविलें. त्यांनीं सुमारें त्याच वयाच्या मुलांवर शाळेंत एक प्रयोग केला. मुलांच्या नेहमींच्या माहितीच्या एका शिक्षकांविषयीं विचारलें कीं, त्यांच्या दाढीचा रंग कोणता? सात वर्षांच्या १८ मुलांपैकीं १६ जणांनीं काळा म्हणून सांगितलें. त्या शिक्षकांना दाढीच नव्हती. आरोपी सुटला. मात्र व्हॅरेनडोंक यांनीं यावरून मुलांची साक्ष कधींच मानूं नये असें जें टोंक गांठलें, तें योग्य म्हणतां येत नाहीं. दोष मुलांचा नव्हता, दाढीचा रंग विचारणाऱ्याचा होता. आणि ही गोष्ट लक्षांत येण्यास पुढें पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

इतका वेळ ज्यांचें केवळ नांव घेतलें, त्या म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे आतां येतां येईल. १८६३ सालीं डान्झिग येथें त्यांचा जन्म झाला. वुंट यांच्यापाशीं ते मानसशास्त्राचे डॉक्टर झाले, हायडेलबर्ग येथें वैद्यकाचे डॉक्टर झाले. विल्यम जेम्स यांनीं १८९२ सालीं त्यांना हार्वर्डच्या प्रयोगशाळेवर बोलावून घेतलें. विद्वान्, कष्टाळू, लिहिण्यांत तरबेज. पण स्वभावानें उतावळे आणि आत्मविश्वास गरजेपेक्षां अधिक. न्यायाधीश बंदुकीच्या गोळीविषयीं तज्ज्ञास विचारतो, विषाविषयीं तज्ज्ञास विचारतो, मग मनाविषयींच तो स्वतःला सर्वज्ञ कां समजतो, हा त्यांचा सवाल होता. १९०८ सालीं ‘ऑन द विटनेस स्टँड’ हें त्यांचें पुस्तक निघालें. त्यांत त्यांनीं स्वतःचीच फजिती सांगितली आहे. घरचीं सर्व मंडळी समुद्रकांठीं गेली असतां शहरांतील घर फुटलें. म्युन्स्टरबर्ग यांनीं येऊन सर्व पाहिलें आणि न्यायालयांत शपथेवर साक्ष दिली कीं, चोर तळघराच्या खिडकींतून शिरले, मेणबत्तीचे थेंब दुसऱ्या मजल्यावर आढळले, आणि मोठें घड्याळ न्यावयाचें म्हणून कागदांत गुंडाळून ठेवलेलें होतें. कांहीं दिवसांनीं कळलें कीं, चोरांनीं तळघराच्या दाराचें कुलूप फोडलें होतें, थेंब माळ्यावर होते आणि घड्याळ गुंडाळलें होतें तें टेबलावरच्या चादरींत. साक्षीदार प्रामाणिक, शिक्षित, स्मरणशक्तीनें उत्तम, शपथेवर बोलणारा, आणि वर मानसशास्त्राचा प्रोफेसर!

पण असल्या गमतींनीं भरलेल्या या पुस्तकाच्या पाठीमागें एका फांशीची छाया आहे. १९०६ च्या जानेवारींत शिकागो येथें एका विवाहित स्त्रीचा खून झाला. प्रेत सांपडल्याची वर्दी देणारा रिचर्ड आयव्हेन्स नांवाचा तरुण, एका सुताराचा मुलगा, पोलिसांच्या हातीं गेला आणि थोड्याच अवकाशांत त्यानें गुन्हा कबूल केला. कबुलीजबाब एकदां नव्हे, अनेकदां दिला. आणि प्रत्येक खेपेस त्यांत आदल्या प्रश्नांतून कानावर पडलेल्या तपशिलाची भर होती. पुढें न्यायालयांत त्यानें सर्व नाकारलें. घटनेच्या वेळीं तो दुसरीकडे होता असें सांगणारे साक्षीदारहि पुढें आले. शिकागोच्या एका डॉक्टरांनीं हे कागद म्युन्स्टरबर्ग व जेम्स या दोघांकडे धाडले. दोघांनींहि सांगितलें कीं, हा कबुलीजबाब खरा नव्हे; दुर्बळ मनावर बाहेरून बिंबविलेली ती कल्पना आहे. म्युन्स्टरबर्ग यांचें पत्र वृत्तपत्रांत येतांच त्यांच्यावर थट्टेचा वर्षाव झाला. हजार मैलांवर बसून खुनी निर्दोष असल्याचें सांगणारा हा कोण विद्वान्, असा सूर निघाला. जूनमध्यें आयव्हेन्स फांशीं गेला. न केलेला गुन्हा माणूस कबूल करूं शकतो, ही गोष्ट तेव्हां कोणाला पटण्यासारखी नव्हती. आज ती पाठ्यपुस्तकांत आहे.

येथें म्युन्स्टरबर्ग यांची बाजू बळकट दिसते. पण पुढच्याच वर्षीं त्यांनीं ती स्वतःच्या हातानें दुबळी केली. आयडाहो संस्थानचे माजी गव्हर्नर स्ट्यूनेनबर्ग हे १९०५ च्या डिसेंबरांत घराच्या फाटकाला लावलेल्या बाँबनें मारले गेले. हॅरी ऑर्चर्ड नांवाच्या इसमानें तो बाँब आपण ठेवल्याचें, आणि खाणकामगारांच्या संघाचे पुढारी हेवुड यांनीं आपणांस त्या कामीं लावल्याचें सांगितलें. १९०७ सालीं बॉयसी येथें हेवुड यांच्यावर खटला चालला. बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो. म्युन्स्टरबर्ग आपलीं यंत्रें घेऊन तेथें गेले, आणि त्यांनीं तुरुंगांत ऑर्चर्डची सुमारें शंभर कसोट्यांनीं परीक्षा घेतली. शब्द उच्चारला कीं मनांत येणारा दुसरा शब्द किती वेळानें बाहेर पडतो हें पाहून मनांतील लपविलेली गोष्ट ओळखावयाची, अशी त्यांतील मुख्य कसोटी. निष्कर्ष गुप्त ठेवावयाचा होता. परंतु परत येतांच, खटला चालू असतांना, एका वार्ताहरापाशीं त्यांच्या तोंडून निघून गेलें कीं ऑर्चर्ड खरें बोलतो आहे. जुलैमध्यें ज्यूरीनें हेवुड यांना निर्दोष सोडलें. एका माणसाच्या जिवाचा निर्णय व्हावयाचा असतां प्रयोगशाळेंतल्या घड्याळाचा कौल वर्तमानपत्रांत फुटावा, हें अशोभनीय होतें यांत शंका नाहीं.

याचा समाचार घेतला तो जॉन हेन्री विग्मोर यांनीं. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या कायदे महाशाळेचे ते प्रमुख, आणि पुराव्याच्या कायद्यावरील प्रचंड ग्रंथाचे कर्ते. १९०९ सालीं त्यांनीं एक काल्पनिक खटला लिहून छापला. वकीलवर्ग आळशी व हटवादी असल्याचा आरोप करून म्युन्स्टरबर्ग यांनीं आपली बेअब्रू केली, अशी फिर्याद कोकस्टोन नांवाचा वकील आणतो. कोक आणि ब्लॅकस्टोन या दोन थोर इंग्रज कायदेपंडितांचीं नांवें जोडून हें नांव केलें आहे, हें जाणत्यांच्या ध्यानांत येईलच. पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या प्रोफेसरसाहेबांची उलटतपासणी सुरू होते. आपण ज्या प्रयोगांचा दाखला देतां ते इंग्रजींत कोठें छापले आहेत? वकिलांनीं ते वाचावे कसे? या पद्धती बिनचूक आहेत असें आपल्याच धंद्यांतील किती जण म्हणतात? एका प्रश्नाचेंहि धड उत्तर येत नाहीं. ज्यूरी फिर्यादीस एक डॉलर नुकसानभरपाई देते. हा लेख वाचून अमेरिकेंतील वकीलमंडळी पोट धरून हंसली असेल. तथापि विग्मोर हे हलक्या मनाचे नव्हते. त्यांच्या त्या कल्पित न्यायाधीशानेंच शेवटीं सांगितलें आहे कीं, मानसशास्त्राशीं सहकार्य करण्यांत आपला वकीलवर्ग उदासीन आहे आणि हें बरें नव्हे. पण वाचकांच्या लक्षांत राहिला तो एक डॉलर. १९१६ च्या डिसेंबरांत व्याख्यान देतां देतांच म्युन्स्टरबर्ग व्यासपीठावर कोसळले व निवर्तले.

त्याच १९१६ सालीं कलकत्ता विद्यापीठांत प्रायोगिक मानसशास्त्राचा पदव्युत्तर विभाग निघाला. त्याचे पहिले प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हे हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्याच हाताखालीं तयार झालेले. म्हणजे हिंदुस्थानांत या शास्त्राची गादी स्थापन झाली ती लायप्झिग आणि हार्वर्ड अशा परंपरेनेंच. कलकत्त्याचा ओढा मात्र न्यायालयाकडे नव्हता.

म्युन्स्टरबर्ग यांच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याची कथा अधिक चमत्कारिक आहे. विल्यम मार्स्टन यानें हार्वर्डला कायद्याची पदवी घेतली आणि १९२१ सालीं मानसशास्त्राची डॉक्टरेट. खोटें बोलतांना माणसाचा रक्तदाब चढतो, आणि तो मोजून खोटेपणा ओळखतां येतो, असें त्याचें प्रतिपादन. १९२२ सालीं वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटींत तो विधिविषयक मानसशास्त्र शिकवूं लागला. वर्गांत बसत ते बहुतेक वकील. एके दिवशीं व्याख्यान चालू असतां एक तरुण निरोप्या पाकीट घेऊन आला, थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. उभ्या उभ्या त्यानें चाकू काढून आंगठ्यावर घांसला होता. मार्स्टननें सर्वांस पाहिलेलें लिहावयास सांगितलें. टिपण्याजोग्या १४७ गोष्टींपैकीं सरासरी ३४ लिहिल्या गेल्या. चाकू एकालाहि दिसला नाहीं.

याच वर्गांतील दोघां वकिलांकडे एक खटला होता. वॉशिंग्टनमधील एका डॉक्टराच्या खुनाबद्दल जेम्स फ्राय नांवाचा कृष्णवर्णीय तरुण पकडला गेला होता. त्यानें गुन्हा कबूल केला, आणि मग कबुली परत घेतली. वकिलांनीं आपल्या गुरूस बोलाविलें. मार्स्टननें तुरुंगांत फ्रायचा रक्तदाब मोजला, आणि तो निर्दोष असल्याचें सांगितलें. न्यायाधीशानें ही साक्ष ऐकावयासहि नकार दिला. फ्रायला जन्मठेप झाली. अपिलाचा निकाल १९२३ च्या डिसेंबरांत लागला. निकालपत्र जेमतेम दोन पानांचें. पण त्यांतील एका तत्त्वानें पुढील सत्तर वर्षें अमेरिकेंतील न्यायालयांच्या दारावर पहारा केला. नवें शास्त्र प्रयोगावस्थेंतून सिद्धावस्थेंत केव्हां गेलें हें सांगणें कठीण. म्हणून त्या त्या शास्त्रांतील लोकांत जें सर्वसाधारणपणें मान्य झालें असेल तेवढेंच न्यायालयांत येऊं द्यावें, हें तें तत्त्व. फ्राय १९३९ पर्यंत तुरुंगांत होता. मार्स्टनची प्रोफेसरी टिकली नाहीं. पुढें १९४१ सालीं त्यानें मुलांच्या चित्रकथांसाठीं ‘वंडर वूमन’ ही नायिका निर्माण केली. तिच्या दोरींत जो अडकेल त्याला खरें बोलावेंच लागतें! जें रक्तदाबाच्या यंत्रानें साधलें नाहीं तें त्यानें कागदावर साधलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यानंतरचीं तीन-चार दशकें फारशीं सांगण्याजोगीं नाहींत. जर्मनींत हिटलरशाहीनें १९३३ सालीं स्टर्न यांना ते ज्यू म्हणून हँबर्गच्या प्रोफेसरीवरून काढलें. १९३८ सालीं ते अमेरिकेंत वारले. ज्या फ्रायच्या खटल्यानें दार लावलें, त्याच वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें १९६२ सालीं तें थोडें किलकिलें केलें. मनोविकाराविषयीं साक्ष देण्यास वैद्यकाचीच पदवी पाहिजे असें नाहीं, योग्य शिक्षण घेतलेला मानसशास्त्रज्ञहि चालेल, असा निर्णय झाला. यांतील ‘योग्य शिक्षण’ हे दोन शब्द फार मोलाचे ठरले; कारण मग तें शिक्षण कोठें आणि कोणतें, हा प्रश्न विद्यापीठांपुढें आपोआप आला. १९७४ सालीं नेब्रास्का विद्यापीठानें कायदा आणि मानसशास्त्र यांचा जोड पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. ब्रिटनमध्यें मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेनें १९७७ सालीं या विषयाची स्वतंत्र शाखा काढली. तेथें आज पदवीनंतर एम्. एस्सी. आणि त्यापुढें तुरुंग, इस्पितळ अशा ठिकाणीं देखरेखीखालीं कांहीं वर्षांची उमेदवारी केल्याखेरीज कोणाला या नांवानें धंदा करतां येत नाहीं.

१९७४ सालींच एलिझाबेथ लॉफ्टस या विदुषीनें बिने व स्टर्न यांचा तुटलेला धागा उचलला. मोटारींच्या टकरीचा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखविला. कांहींना विचारलें, मोटारी एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हां वेग किती होता. कांहींना विचारलें, ‘चुराडा झाला’ तेव्हां किती होता. आठवड्यानें सर्वांना विचारलें, फुटलेली कांच पाहिली काय? आदळल्याचें ऐकलेल्या ५० जणांपैकीं ७ जणांनीं होय म्हटलें, चुराडा ऐकलेल्या ५० पैकीं १६ जणांनीं. चित्रपटांत फुटलेली कांच नव्हतीच. एक शब्द बदलला आणि माणसाच्या स्मृतींत कांच फुटली. पुढें १९८९ पासून अमेरिकेंत डी. एन्. ए. च्या परीक्षेनें शेंकडों कैदी निर्दोष ठरून सुटूं लागले. त्यांपैकीं अर्ध्याहून अधिकांस शिक्षा झाली होती ती साक्षीदारानें चुकीचा माणूस ओळखल्यामुळें. कांहींनीं तर आयव्हेन्सप्रमाणें गुन्हा कबूलहि केला होता. सुटलेल्यांचें पुढें कांहीं तरी झालें. आयव्हेन्सच्या बाबतींत तें शक्य नव्हतें.

आपल्या देशांत या विषयाचें पदव्युत्तर शिक्षण उशिरां आलें. गांधीनगर येथें २००९ च्या सुमारास सुरू झालेलें गुजरातचें न्यायसाहाय्यक विज्ञानाचें विद्यापीठ २०२० सालीं राष्ट्रीय झालें. तेथें या शाखेची एम्. एस्सी. आहे. परंतु शिक्षणाआधींच येथें यंत्रें आलीं होतीं. गुंगीचें औषध टोंचून बोलतें करणें, खोटें ओळखण्याचें यंत्र लावणें, आणि मेंदूंतील विद्युल्लहरी पाहून गुन्ह्याची आठवण शोधणें, या तीन चाचण्यांचा एके काळीं आपल्याकडे मोठा बोलबाला होता. वर्तमानपत्रांतून त्यांचीं वर्णनें चवीनें वाचलीं जात. यांतील मेंदूच्या चाचणीची येथील पद्धत बंगलोरच्या मानसिक आरोग्यसंस्थेंत काम केलेल्या मुकुंदन यांनीं बसविली. आरोपीस डोक्यावर तारा लावून बसवावयाचें, गुन्ह्याविषयींचीं वाक्यें ऐकवावयाचीं, त्यानें एक अक्षर बोलावयाचें नाहीं, आणि लहरींवरून ठरवावयाचें कीं ही गोष्ट त्यानें अनुभविली आहे. २००८ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत आरोपीस दोषी ठरवितांना या चाचणीच्या निष्कर्षाचा आधार घेतला, तेव्हां परदेशांतील शास्त्रज्ञहि चकित झाले. त्या शास्त्रांतील लोकांत ही पद्धत मान्य झालेली नव्हती. ज्या शहरांत हें घडलें तेथील सुशिक्षितांतहि त्याची जितकी चर्चा व्हावयास पाहिजे होती तितकी झाली नाहीं, हें नमूद करणें भाग आहे.

५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणीं निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ति बालकृष्णन् आणि दुसरे दोन न्यायमूर्ति यांचें तें पीठ होतें. या तिन्ही चाचण्या माणसाच्या संमतीवांचून करणें म्हणजे राज्यघटनेच्या विसाव्या व एकविसाव्या कलमांचा भंग होय. स्वतःच्या विरुद्ध साक्ष देण्यास कोणावर बळजोरी करतां येत नाहीं, आणि ही बळजोरी जिभेवर केली काय कीं मेंदूवर केली काय, एकच. असें त्यांनीं ठरविलें. संमतीनें केलेल्या चाचणीचा निष्कर्षहि पुरावा म्हणून धरतां येणार नाहीं. त्यांतून एखादी वस्तू किंवा माहिती हातीं लागली, तर तेवढीच विचारांत घेतां येईल. या दीर्घ निकालपत्रांत देशोदेशींचे दाखले आले आहेत. त्यांत १९२३ सालचा, वॉशिंग्टनच्या जेम्स फ्रायचा तो दोन पानांचा निकालहि आहे.